चिंगी सासूबाईंच्याच पायाशी का बसते?

पत्र

प्रिय ताई,

मी नेरुळला राहते. गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात, आमच्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली मांजराचं पिल्लू सापडलं. दीड-दोन महिन्यांचं असेल. टॉवेलात गुंडाळून वर आणलं. तीच आमची चिंगी. तिचं खाणंपिणं, लशी, माती बदलणं, सगळं मी वेळच्या वेळी करते. पण ती माझ्याजवळ येत नाही. मी महापेला नोकरी करते. संध्याकाळी साडेसातला घरी आले की आधी तिला उचलून छातीशी धरते. दिवसभर त्या क्षणाची वाट बघत असते मी. पण ती अंग सोडवून पळते आणि हल्ली बोचकारायलाही लागली आहे. माझा सात वर्षांचा मुलगा तिच्यामागे वेडा आहे, पण तो दिसला की ती पलंगाखाली जाते. गेल्या रविवारी ती उताणी पडली होती म्हणून त्याने तिच्या पोटावरून हात फिरवला, तर चारही पायांनी हात धरून अंगठ्याखाली चावली. दोन खोल टोचे पडले. लगेच हळद लावली.

सासूबाई म्हणतात, मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं. हिला दिवाळ्याच्या मासळी बाजारात सोडून या, तिथे खायला कमी पडणार नाही. मला ते करवत नाही. आणि सगळ्यात लागतं ते वेगळंच. सासूबाई तिला कधी हातसुद्धा लावत नाहीत, तरी चिंगी दिवसभर त्यांच्याच पायाशी बसते. माझं काय चुकतं? तिचे लाड करायचे तरी कसे?

एक आई, नेरुळ

उत्तर

तुमच्या पत्रात ‘लगेच हळद लावली’ हे वाचलं आणि उरलेलं पत्र वाचायच्या आधी मी तुम्हाला मेल केली. त्याच संध्याकाळी तुम्ही मुलाला महापालिकेच्या रुग्णालयात नेलंत हे तुमच्या उत्तरातून कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. इतर वाचकांसाठी तेवढा भाग इथे पुन्हा सांगते, कारण मांजराच्या चाव्याला आपल्याकडे कुणी चावा म्हणतच नाही.

मांजराचा सुळा सुईसारखा बारीक असतो. कुत्रा चावला की मांस फाटतं, रक्त वाहतं, आपण घाबरून धावतो. मांजर चावलं की नुसता ठिपका दिसतो. पण तो दात खोलवर जाऊन तोंडातले जंतू आत सोडून आलेला असतो आणि वरची कातडी पटकन मिटते. चावा बोटांवर किंवा मनगटाजवळ असला तर दुसऱ्या दिवशीच हात सुजतो, ठणकतो. म्हणून चावा बसला की आधी नळाखाली हात धरून साबणाने १५ मिनिटं धुवायचा. घड्याळ बघून १५ मिनिटं, कारण अंदाजाने धुतलं की आपण दोन मिनिटांत नळ बंद करतो. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही. मग डॉक्टरांकडे जायचं. जखमेचं औषध, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का आणि रेबीजची लस, हे सगळं ते बघतात. रेबीज मांजरामुळेही होऊ शकतो, आणि आपल्या मांजराला लस दिलेली आहे म्हणून हा निर्णय घरी बसून घ्यायचा नसतो. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. शिवाय चावलेल्या मांजरावर पुढचे १० दिवस लक्ष ठेवायचं असतं. ते नीट खात-पीत धडधाकट राहिलं, तर उरलेल्या इंजेक्शनांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. चिंगीला दिवाळ्याला सोडून आला असतात, तर ते १० दिवस लक्ष कोणावर ठेवलं असतं?

दिवाळ्याचं इथेच बोलून टाकते. त्या बाजारात मी मासे घ्यायला गेले आहे, तिथली मांजरंही पाहिली आहेत. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, कुणाच्या पाटीखाली कोण बसणार तेसुद्धा. घरात वाढलेलं, जन्मात दुसऱ्या मांजराशी न भांडलेलं जनावर तिथे सोडलं तर त्याला खायला मिळण्याआधी मार मिळतो. मग ते घाबरून जिकडे वाट फुटेल तिकडे पळतं आणि जवळच पाम बीच रस्ता आहे. पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. सासूबाईंशी बोलताना मात्र कायदा पुढे करू नका. नातवाच्या हाताला दात लागलेले पाहून त्या बोलल्या. शिवाय तुमच्या घरात चिंगीला सगळ्यात चांगलं कळणारं माणूस कोण असेल तर त्याच आहेत. त्यांना स्वतःला ते ठाऊक नसेल, एवढंच.

मी ठाण्यात वाढले, नौपाड्यात अजून कौलारू घरं होती त्या काळात. आमच्याकडे मांजर कुणी पाळलं नव्हतं, ते घरात होतं. सकाळी दुधाचं पातेलं उतरलं की हजर, दुपारी माळ्यावर, रात्री पडवीत पोत्यावर. आम्ही पोरं त्याला धरायला जायचो. त्याला नको असलं की ते खांबावरून कौलांवर, कौलांवरून शेजाऱ्यांच्या भिंतीवर जायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत दिसायचं नाही. विषय तिथेच संपायचा. त्या मांजराने मला एकदाही बोचकारल्याचं आठवत नाही. ते फार सोशिक होतं असं नाही. त्याला निघून जाता येत होतं.

चिंगीला येत नाही. दोन खोल्या, बंद दार, खिडक्यांना जाळ्या. जाळ्या हव्यातच, त्याबद्दल दुमत नाही. कबुतरावर झेप घेताना वरच्या मजल्यावरून पडलेली मांजरं मी पाहिली आहेत. पण आपण तिची कौलं काढून घेतली, हे ध्यानात ठेवायला हवं. ‘मला नको’ म्हणायची तिची सगळ्यात सोपी पद्धत होती उठून जाणं. ती पद्धत गेल्यावर उरलं पलंगाखाली शिरणं. तिथेही कुणाचा हात आला, किंवा छातीशी धरून ठेवलेलं असताना पायाखाली जमीनच नसली, तर मग नखंच उरतात.

म्हणून पहिलं काम हाताचं नाही, घराचं आहे. एका कपाटावरची जागा रिकामी करा आणि तिथवर चढायला मध्ये एखादं स्टूल किंवा फळी ठेवा. एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं करून कोपऱ्यात टाका, टीव्हीचं किंवा मिक्सरचं, कुठलंही. पलंगाखालची जागा आहेच. या तीन ठिकाणी ती गेली की तिला कुणी हात लावायचा नाही, वाकून बघायचं नाही, बाहेर ओढायचं नाही. केर काढायचा असेल तर ती उठल्यावर. हे मुलाला सांगा, कामवाल्या मावशींना सांगा आणि स्वतःलाही. मांजर माणसापासून लपलं की आपल्याला वाटतं, ते दूर गेलं. पण लपता येतं याची खात्री पटली की तेच मांजर जास्त वेळ समोर बसतं. हे माझ्या घरात मी तीन वेगवेगळ्या मांजरांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता सासूबाई. दोन दिवस त्यांना नुसतं बघा. मेथी निवडत बसतात तेव्हा त्यांची नजर मेथीवर असते. एका जागी बराच वेळ बसतात. हात स्वतःच्या कामात असतात. चिंगी आली तर आली, गेली तर गेली, त्यांचं काही अडत नाही. मांजराच्या दृष्टीने याहून सुरक्षित माणूस नाही. मांजरं एकमेकांकडे टक लावून बघतात ती भांडणाआधी. आपण मात्र प्रेमाने बघतो ते नेमकं टक लावून, आणि हात नेतो तो नेमका डोक्याच्या वरून, घार खाली यावी तसा. वाघाची मावशी म्हणतो आपण तिला, पण जेमतेम तीन-चार किलोंचं जनावर ते. उंदराला धरतं, तसं कुत्रंही त्याला धरतं. वरून झेपावणाऱ्या गोष्टीची भीती त्याच्या हाडांत आहे. त्याचा रानटी पूर्वज आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात एकटा राहून एकटा शिकार करणारा. कुत्र्याला कळपात राहायची सवय होती म्हणून तो माणसाला आपल्या कळपातला धरतो. मांजर धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागे स्वतःच्या पायांनी माणसाजवळ आलं. ते अजूनही तसंच येतं, स्वतःच्या पायांनी.

तुम्हाला लागतं ते मला कळतं. दिवसभर लोकांची बोलणी ऐकून, गर्दीत उभं राहून घरी यायचं आणि एका मऊ, उबदार जिवाला जवळ घ्यावंसं वाटायचं, यात चूक काही नाही. पण तिच्या बाजूने ते साडेसात कसे असतात ते बघा. दार उघडतं, बाहेरचे हजार वास अंगावर घेऊन एक माणूस घाईने आत येतं आणि तिला झोपेतून उचलून घट्ट दाबतं. रोज. तुमच्या दिवसातला सगळ्यात चांगला क्षण तिच्या दिवसातला सगळ्यात अवघड झाला आहे.

पुढचे तीन आठवडे तिला अजिबात उचलू नका. मनातून कितीही आलं तरी. घरी आल्यावर पिशवी ठेवा, हातपाय धुवा, चहा घ्या आणि ती जिथे असेल तिथून चार-पाच फुटांवर, शक्यतो जमिनीवर, थोडं तिरकं तोंड करून बसा. फोन बघा, भाजी चिरा, काहीही करा. तिची नजर तुमच्याकडे वळली तर डोळे अर्धवट मिटा, क्षणभर मिटलेले ठेवा, हळूच उघडा आणि मान वळवा. २०२०मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी हेच तपासलं होतं. माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरंही डोळे बारीक करतात आणि अनोळखी माणसाने मिटले तरी त्याच्या हाताजवळ जायला जास्त तयार होतात. ‘मांजर डोळे मिटून दूध पितं’ हे आपण लबाडीच्या अर्थाने म्हणतो. समोरच्याकडे बघत सावकाश मिटलेले डोळे मात्र मांजरांमध्ये निर्धास्तपणाची खूण असतात.

ती जवळ आली तर लगेच हात पुढे करायचा नाही. एक बोट थोडं वाकवून तिच्या नाकाच्या उंचीवर, तिच्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि थांबा. उरलेलं अंतर तिने तोडायचं. ती वास घेईल. वास घेऊन गाल बोटावर घासला, डोकं टेकवलं, तर होकार समजा. नुसता वास घेऊन बसून राहिली, मान वळवली, किंवा एक पाऊल मागे गेली, तर आजचं झालं. हात काढून घ्या आणि चहा संपवा. वास घेणं म्हणजे होकार असं आपण धरून चालतो आणि तिथेच निम्मी बोचकारणी होतात.

गाल घासला तर कुठे हात लावायचा, हेही तिनेच दाखवलेलं असतं. गाल, हनुवटी, कानांच्या आणि डोळ्यांच्या मधली जागा. मांजराच्या गंधग्रंथी तिथे असतात. ज्याला ते आपलं मानतं त्याला तिथून वास चोळून ठेवतं, दाराच्या चौकटीला, तुमच्या पिंढरीला, सासूबाईंच्या लुगड्याला. त्या जागी दोन बोटांनी हळू खाजवलं की बहुतेक मांजरं मान वर करून देतात. पाठीवरून हात चालतो, पण जपून, केसांच्या दिशेने. शेपटीचं मूळ, शेपटी, पोट आणि पंजे सोडून द्यायचे. शेपटीच्या मुळाशी हात लागला की नाराजीच्या खुणा जास्त दिसतात, हे २०१५च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. आपण मात्र हात डोक्यापासून थेट तिथपर्यंत नेतो आणि वर थोपटतोही. काही मांजरांना ते आवडतं. चिंगी त्यातली आहे की नाही, हे वर्षभराने शोधलं तरी चालेल.

यातलं खरं कौशल्य हात लावण्यात नाही, काढण्यात आहे. तीन-चार वेळा बोटं फिरवा आणि हात मागे घ्या. ती आनंदात असतानाच. मग बघा. तिने डोकं पुढे करून बोट शोधलं तर आणखी तीन-चार वेळा. नाही शोधलं तर पुरे. सुरुवातीला हे फार तुटक वाटतं. पण हा हात मी म्हटलं की थांबतो, एवढी एकच गोष्ट तिला कळायला हवी आहे. ती एकदा कळली की तिला नखं काढायचं कारण उरत नाही.

तुम्ही लिहिलंय की ती ‘हल्ली बोचकारायलाही लागली’. मला खात्री आहे की त्याच्या कितीतरी आधीपासून ती सांगत होती. आधी शेपटीचं टोक नुसतं हलतं, इकडून तिकडे. मग कान बाजूला वळतात, पाठीवरची कातडी वाऱ्याने पाणी थरथरावं तशी थरथरते. घुरघुर मध्येच थांबते. काही मांजरं एकदम स्वतःचं अंग चाटायला लागतात, दोन-तीन जिभा मारतात आणि थांबतात. आपल्याला वाटतं, किती स्वच्छता! खरं तर ती अवघडलेली असतात. मग मान झटकन हाताकडे वळते, अंग दगडासारखं घट्ट होतं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, शेपटी आपटते. इथपर्यंत आपण हात फिरवतच असतो, कारण ती अजून मांडीवर आहे ना! घुरघुरीवरही डोळे मिटून विसंबू नका. मांजरं सुखात घुरघुरतात, तशी दुखण्यातही घुरघुरतात. कान आणि शेपटी बघा, मग घुरघुर ऐका.

जी मांजरं पहिल्या एक-दोन खुणांनाच हात थांबतो असं अनुभवतात, ती तिथेच थांबतात. ज्यांचं कुणी ऐकत नाही ती खुणा सोडून देतात आणि थेट चावतात. लोक मग म्हणतात, ‘काही कारण नसताना चावलं.’ चिंगी अजून तिथवर गेलेली नसेल. पण वाट तीच आहे, म्हणून सांगते.

मुलाशी बोलताना त्या रविवारबद्दल त्याला दोष लागेल असं काही बोलू नका. उताणं पडलेलं मांजर बघून मोठी माणसंही फसतात. पोट उघडं टाकून पडणं म्हणजे ‘इथे मला भीती नाही’ असं ती सांगत होती. पोट चोळा, असं नव्हे. पोट ही अंगातली सगळ्यात नाजूक जागा, आणि उताणं असताना चारही पंजे मोकळे असतात, त्यामुळे तिथे हात गेला की ते आपोआप मिटतात. मुलाला एवढंच सांगा, ‘ती पोट दाखवते तेव्हा लांबून बघायचं आणि तिला छान म्हणायचं.’ त्याने हसत ऐकलं पाहिजे, घाबरून नव्हे.

सात वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नको’ एवढंच सांगितलं तर तो पाळणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्या हाताला काम द्या. झाडूच्या हिराची एक लांब काडी घ्या, टोकाला दोरी, दोरीला कापडाचा गोळा किंवा पिसाचा झुबका. तो जमिनीवरून उंदरासारखा थांबत, पळत, सोफ्यामागे दडत न्यायचा. डोळ्यांसमोर नाचवायचा नाही, तिच्यापासून दूर पळवायचा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, आणि शेवटी तिला तो पकडू द्यायचा. खेळ झाला की दोरी उचलून कपाटात ठेवायची, कारण दोरी गिळली तर आतड्यात अडकून मोठं आजारपण येतं. हाताची बोटं हलवून तिला खेळवायचं मात्र आजपासून कायमचं बंद. तिचं पिल्लूपण बोटं चावण्यात गेलं असेल तर बोट म्हणजे खेळणं हे तिने तेव्हाच शिकून घेतलं आहे. खेळानंतर दमलेली चिंगी आपणहून त्याच्या बाजूला येऊन पडेल, अशी माझी अटकळ आहे. पडली तर त्याने काय करायचं? तर काहीच नाही. त्याने गोष्टीचं पुस्तक वाचावं, मोठ्याने. ते त्याला फार अवघड जाईल, आणि तेव्हा तुम्ही त्याच्याजवळ बसायला हवं.

घरात तिला उचलायची वेळ कधीतरी येणारच, डॉक्टरकडे नेताना तरी. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंग आपल्या अंगाला टेकलेलं. बखोटीला धरून लोंबकळवायचं नाही, मानेची कातडी धरून उचलायचं नाही. आई पिल्लाला तसं उचलते, पण ती पिल्लं मूठभर असतात. वळवळ सुरू झाली की वाकून तिला जमिनीवर उतरू द्यायचं. मुलाने उचलायचं नाही, निदान दोन-तीन वर्षं.

आणि आता एक गोष्ट जी मी स्वतः उशिरा शिकले. माझा बंड्या नावाचा बोका बारा वर्षांचा असताना कमरेला हात लावला की गुरकावायला लागला. मी म्हटलं, म्हातारा झाला, तिरसट झाला. त्याचे नखरे सांभाळायचे म्हणून मी कमरेला हात लावणं सोडलं आणि तिथेच थांबले. पाच-सहा महिन्यांनी तो पलंगावर चढेनासा झाला तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. संधिवात होता. त्याचे ते महिने मी त्याला दुखण्यात काढू दिले, आणि त्याने तर पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. म्हणून चिंगीला एकदा डॉक्टरांना दाखवून आणा. दात, कान, कातडी, पोट. पावसाळ्यात पिसवा झाल्या असतील तर पाठीला नुसता हात लागला तरी आग होते. तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं नसेल तर तेही विचारा, कारण माजावर आलेली मांजरी एका क्षणी अंग घासते आणि दुसऱ्या क्षणी फिस्कारते. चांगली हाताला येणारी मांजरी एकाएकी हात नको म्हणायला लागली, तर तो स्वभाव नसतो, आधी दुखणं शोधायचं.

तुमच्याकडे गणपती बसत असतील तर पाहुण्यांचं आत्ताच ठरवा. घर भरलं की चिंगीला आतल्या खोलीत पाणी, खाणं, मातीचा ट्रे आणि तिचं खोकं देऊन दार लावून घ्या. ‘दाखवा ना मांजर’ म्हणणाऱ्यांना सांगा, ‘ती झोपली आहे, उठली की येईल.’ यात खोटं काही नाही, मांजर दिवसाचा बराच वेळ झोपलेलंच असतं. सगळ्यात जपायचं ते ‘मला मांजरं फार कळतात’ म्हणत थेट उचलायला जाणाऱ्यांपासून. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या लोकांनी लंडनच्या बॅटरसी इथल्या प्राण्यांच्या आश्रयगृहात बारकाईने पाहिलं, तेव्हा स्वतःला जाणकार म्हणवणारी माणसंच मांजरांना नको त्या जागी जास्त हात लावताना दिसली. त्याच विद्यापीठाच्या लोकांचा २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार दिलासा देतो. तिथल्या १०० मांजरांशी माणसं आधी आपापल्या पद्धतीने वागली. मग त्यांना थोडक्यात एवढंच शिकवलं की मांजराला ठरवू द्या, त्याच्याकडे लक्ष द्या आणि गाल-हनुवटीपुरताच हात लावा. मांजरं तीच, आश्रयगृह तेच. पण शिकवल्यावर मांजरांचं चिडणं कमी झालं आणि ती माणसांशी जास्त लाडात आली.

चिंगी कधी मांडीवर झोपेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते आहे. मी खात्री देणार नाही. मांजराचं पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताला जितकं सरावतं, तितका माणसाचा स्पर्श त्याला पुढे सोपा जातो. चिंगीचे ते आठवडे पार्किंगमध्ये, गाड्यांखाली, पळण्यात गेले. ती कदाचित जन्मभर मांडीवर येणार नाही आणि तुमच्या पावलावर पाठ टेकवून झोपेल. मांडीवर आली नाही तर तुमच्या प्रेमात काही कमी होतं, असं मनात आणू नका. पावलावर टेकलेली ती पाठ तिच्याकडून फार मोठी गोष्ट असेल.

तेव्हा उद्या संध्याकाळी आल्यावर सासूबाईंच्या शेजारी बसा. मेथीची एक जुडी तुमच्याकडे घ्या. चिंगी त्यांच्या पायाशी असेल, तिच्याकडे बघू नका. सासूबाईंनाच विचारा, ही दिवसभर काय करते, कधी उठते, कुठे ऊन खाते. त्या तिच्यावर रागावलेल्या आहेत, तरी त्यांना सगळं माहीत असेल.

मुलाची दोन इंजेक्शनं झाली हे वाचून बरं वाटलं. चिंगीचे १० दिवस पूर्ण झाले की ते डॉक्टरांना जाऊन सांगा आणि त्यांनी स्वतः थांबा म्हटल्याशिवाय एकही तारीख सोडू नका. २८व्या दिवसाचं इंजेक्शन लोक हमखास विसरतात, आणि तुमचं ते ऐन गणपतीच्या धांदलीत येणार आहे. कालनिर्णयवर आत्ताच गोल करून ठेवा.